सालिम अलींनी नेमकं काम काय केलं?

अंबाजोगाईहून एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "सर, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र आहे. सेमिनारला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली हा विषय मिळालाय. जिथं बघावं तिथं 'बर्डमॅन ऑफ इंडिया', पद्मविभूषण आणि चिमणीची गोष्ट, बाकी काही नाही. त्यांनी नेमकं काम काय केलं? त्यांच्याकडे पदवी नव्हती हे खरं का? ते पक्षी मारायचे, मग त्यांना पक्ष्यांचे कैवारी कसं म्हणायचं? आणि आपल्या मराठवाड्याशी त्यांचा काही संबंध आहे का? मला पुढे प्राण्यांवर लिहायचंय, म्हणून विचारतेय."

पोरी, चारही प्रश्न चांगले आहेत. मी छत्तीस वर्षं मराठवाड्यातल्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातले बहुतेक रविवार माळांवर नाहीतर तळ्यांच्या काठी काढले. शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुझ्या सेमिनारमध्ये नवं काही असेल तर ते तेच. चिमणीची गोष्ट सगळेच सांगतात.

१९३१-३२ साली सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. निजामाचं संस्थान म्हणजे आपणही त्यात आलो. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. तुझं अंबाजोगाई कागदोपत्री मोमिनाबाद होतं. जुने अहवाल चाळशील तेव्हा हे ध्यानात ठेव, नाहीतर नकाशावर गाव सापडत नाही म्हणून बसशील. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, म्हणजे आपण बीएनएचएस म्हणतो तिच्याकडे, पैसा बेताचाच होता. सालिम अलींनी सांगितलं की मला पगार नको, फिरण्याचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा निघू द्या. काम झालं आणि १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या जर्नलमधून ते हप्त्याहप्त्यानं छापून आलं. नमुन्यांवरच्या टिपा इंग्लंडातले पक्षिशास्त्रज्ञ ह्यू व्हिसलर यांच्या. पुढे त्रावणकोर, कोचीन, म्हैसूर, भोपाळ, इंदूर अशी कितीतरी संस्थानं त्यांनी अशीच पिंजून काढली, पण श्रीगणेशा झाला तो निजामाच्या मुलखात.

आता त्या यादीची किंमत कशात आहे ते सांगतो. हिवाळ्यात पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्यावर गेलीस तर रोहित दिसतील, पट्टेरी राजहंस दिसतील, नशीब असेल तर कांडेकरकोच्यांचा थवा पहाटे डोक्यावरून ओरडत जाईल. आपल्या पिढीला वाटतं हे सगळं कायमचंच आहे. पण जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, धरणाचं उद्घाटन १९७६ चं, आणि पक्षी अभयारण्य जाहीर झालं १९८६ साली. सालिम अली संस्थानात फिरत होते तेव्हा नाथसागर नव्हताच. गोदावरी होती, पैठणचं वाळवंट होतं, उन्हाळ्यात उरणारे डोह होते. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी पसरल्यावर तिथं कोण नवं आलं आणि कोण उठून गेलं हे ठरवायचं तर आधी काय होतं ते कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं. आपल्या भागापुरतं ते लिहिणारा माणूस हा.

जाता जाता, संभाजीनगरला दिल्ली गेटजवळ, हिमायत बागेसमोर जे तळं आहे त्याचं जुनं नाव खिज्री तलाव. आता ते सलीम अली सरोवर. शहरात लोक सहज म्हणतात, "सकाळी सलीम अलीला फिरायला जातो." माणसाचा असा पत्ता होऊन जाणं मला तरी पुतळ्यापेक्षा बरं वाटतं.

पदवीचं म्हणशील तर खरं आहे, विद्यापीठाची नीट पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण त्यामागचा क्रम माहीत असू दे, कारण "पदवी नसतानाही मोठे झाले" एवढंच सांगितलं की पोरं वर्ग बुडवायला मोकळी होतात. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईचा. आईवडील अगदी लहानपणीच गेले, मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे, खेतवाडीत वाढले. दहा-अकरा वर्षांचे असताना छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांना पक्षी ओळखता आला नाही, म्हणून त्यांनी पोराला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्डनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. ती पीतकंठी रानचिमणी. आपल्याकडेही आहे ती. कोरड्या रानात, बाभळी-निंबाच्या ढोलीत घर करते. तुझ्या कॉलेजच्या आवारात असेल तर नवल नाही. फोटो पडद्यावर दाखवण्यापेक्षा सेमिनारआधी ती शोध.

पुढे कॉलेज अर्धवट सुटलं. ब्रह्मदेशात तावॉयला भावाच्या वोल्फ्रामच्या (टंगस्टनच्या खनिजाच्या) खाणीच्या धंद्यात मदतीला गेले, तिथं धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले. मुंबईला परतल्यावर सकाळी दावर कॉलेजात कॉमर्स आणि सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचा अभ्यास. पुन्हा ब्रह्मदेश, धंदा बुडाला, पुन्हा मुंबई. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात गाइड लेक्चररची नोकरी लागली. दोनेक वर्षांत त्या कामाला कंटाळले, रजा काढून बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. स्ट्रेसेमान त्या काळचे फार मोठे पक्षिशास्त्रज्ञ. सालिम अली त्यांनाच गुरू मानत. म्हणजे शिक्षण झालंच, आणि चांगलं कडक झालं. नव्हता तो फक्त कागद. तो नव्हता म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली जागा हुकली. बर्लिनहून १९३० मध्ये परत आले तर म्युझियममधली जागाही पैशाअभावी रद्द झालेली. नंतर अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिल्या. तेव्हा त्यांची गरज उरली नव्हती.

चौतिसाव्या वर्षी हाताला काम नाही, घरात पत्नी तेहमीना. मुंबईत परवडेना म्हणून दोघं अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी एकच केलं, आडोसा करून तिच्यासमोर बसून राहिले. महिनेच्या महिने. तुझ्या "नेमकं काम काय केलं" या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथं दिसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुगरणीचा खोपा तू पाहिलाच असशील. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला, ओढ्यातल्या शिंदीला लटकलेला. आपण शब्द वापरतो सुगरण, स्वयंपाकात हुशार बाईला लावतो तोच. पण विणकाम सगळं नराचं. विणीच्या दिवसांत डोकं हळदीसारखं पिवळं होतं तोच नर. उसाच्या, मक्याच्या किंवा गवताच्या पात्याला कडेला चोचीनं खाच पाडतो, टोक चोचीत धरून उडतो आणि पात्याची लांब धांदोटी सोलून निघते. ती फांदीला गाठ मारून बांधतो. अशा शेकडो फेऱ्या. आधी एक कडं, मग त्यावर छप्पर, मग दोन कप्प्यांचं शिरस्त्राणासारखं दिसणारं अर्धं घर. मधे त्यात ओल्या मातीचे गोळे लिंपतो. आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात की रात्री उजेडाला त्यात काजवे खोचतात. गोष्ट गोड आहे, मीही लहानपणी ऐकली, पण काजवा मला एकाही खोप्यात सापडला नाही.

प्रत्येक वसाहतीत असे अर्धवट सोडलेले खोपे पुष्कळ असतात. ते का? जुना समज असा की ती नराची बसायची, झोके घ्यायची जागा, नाहीतर नवशिक्यांचा सराव. सालिम अलींनी बसून पाहिलं. खोपे अर्धे झाले की माद्या टोळीनं येतात, आत शिरतात, ओढून बघतात, निघून जातात. नर पंख फडफडवून बोलावत राहतो. एखादी पसंत करते. मग तो पुढचं काम हाती घेतो, अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो. ती आत अंडी घालते, उबवते, पिल्लांना भरवते, आणि हा महाशय शेजारच्या फांदीवर दुसऱ्या खोप्याची गाठ मारायला लागलेला असतो. पसंती मिळाली नाही तो खोपा तसाच लोंबकळत राहतो. अर्धवट खोपा म्हणजे नाकारलेलं स्थळ. १९३१ मध्ये हे जर्नलमध्ये छापलं आणि त्यांचं नाव झालं.

या कामाला काय लागलं? ना सूक्ष्मदर्शक, ना प्रयोगशाळा, ना अनुदान. कुठला खोपा, कुठला नर, कुठल्या दिवशी किती विणलं, मादी कधी आली, हे रोजच्या रोज लिहिण्याची चिकाटी लागली. सुगरण त्याआधी भारतात कोट्यवधी लोकांनी पाहिली होती.

आता बंदुकीचं. हो, ते पक्षी मारायचे. पुष्कळ मारले, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. दुर्बिणी बेताच्या, कॅमेरे जड, आणि ओळखायला हाताशी धरावं असं चित्रांचं पुस्तक नाही. त्या काळात "हा पक्षी या गावी होता" याचा पुरावा म्हणजे त्याची कातडी. मारून मजा घेणं आणि मारून नोंद करणं यात फरक आहे, पण मेलेल्या पक्ष्याला तो नसतो, हेही मान्य करू. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषयच संपलाय, आणि तो संपला ते योग्यच झालं.

पण ती रीत काय होती हे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीला ठाऊक पाहिजे. पक्षी हाती आला की आधी डोळ्याचा, चोचीचा, पायाचा रंग लिहायचा, कारण हे रंग तासाभरात उतरतात. मग मापं. मग छातीच्या हाडाखाली चीर देऊन कातडी मोज्यासारखी उलटी करत सोलायची. आत उघडून वृषण की अंडाशय ते बघायचं, म्हणजे नर-मादी पिसांवरून नव्हे तर खात्रीनं ठरतं. पोटातलं खाद्य वेगळं लिहायचं. कातडीला आतून सोमल (आर्सेनिक) घातलेला साबण, कापसाचं पोट, टाके, आणि पायाला दोऱ्यानं एक चिठ्ठी: तारीख, गाव, नर की मादी, कुणी मिळवला. एमएस्सीला असताना मी रस्त्यावर मेलेल्या साळुंकीवर हा प्रयोग केला. पोटाजवळची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. फाटली. चरबी पिसांवर आली आणि साळुंकीची चिंधी झाली. सर म्हणाले, चिठ्ठी नीट लिहिलीस ना, मग ठेव. मला तेव्हा ते थट्टेचं वाटलं.

थट्टेचं नव्हतं, हे मला पुढे रानपिंगळ्यामुळे कळलं. रानपिंगळा हे सातपुड्याच्या पायथ्याचं छोटं घुबड. १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर एकच नोंद, १९१४ ची, गुजरातेतली, कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांची. पुढच्यांनी त्या भरवशावर भलत्याच ठिकाणी शोध घेतला आणि हात हलवत परत आले. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि रॉबर्ट प्रिस-जोन्स या पक्षिशास्त्रज्ञांनी कर्नलसाहेबांचे नमुने तपासले तेव्हा कळलं की साहेब संग्रहालयातून दुसऱ्यांचे पक्षी चोरायचे, टाके उसवून पुन्हा घालायचे आणि स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी बांधायचे. तो १९१४ चा पिंगळाही चोरीचाच, मुळात डेव्हिडसनचा. मग रासमुसेन यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत बसलेला सापडला. एका खोट्या चिठ्ठीनं कितीतरी वर्षं जाणकारांना फिरवलं.

गंमत बघ, हेच माइनर्ट्‌झहागन सालिम अलींचे हितचिंतक. १९३७ मध्ये दोघांनी मिळून अफगाणिस्तानात पक्षी पाहिले. त्या प्रवासाच्या रोजनिशीत साहेबानं आपल्या सोबत्याबद्दल बरंच तुच्छतेनं लिहिलंय, हा स्वयंपाकाला निरुपयोगी वगैरे. सालिम अलींनी ते नंतर वाचलं आणि आपल्या आत्मचरित्रात मजेनं छापून टाकलं. लबाडी उघड झाली तेव्हा दोघंही हयात नव्हते. मला नेहमी वाटतं, एकाच तंबूत कंदिलाच्या उजेडात दोघं चिठ्ठ्या लिहीत बसले असतील. अक्षर दोघांचंही चांगलंच असणार.

आता माझी एक चूक सांगतो. १९८८ च्या पावसाळ्यात परांड्याहून भूमकडे एसटीनं चाललो होतो. खिडकीतून डाव्या हाताला माळावर एक मोठा पक्षी चालताना दिसला, मान उंच, डोक्यावर काळी टोपी. माळढोक, नर. मागे अजून एक, लहान. मी उठून उभा राहिलो, कंडक्टरनं बसवलं. वही पिशवीत, पिशवी वर फळीवर. उतरल्यावर लिहू म्हटलं. उतरलो ते बहिणीच्या घरी, तिथं आठ दिवस गेले. नंतर लिहिलं ते असं: "परांडा-भूम रस्ता, डावीकडे, माळढोक दोन." तारीख नाही, जवळचं गाव नाही, वेळ नाही. काही वर्षांनी माळढोकाच्या जुन्या नोंदी गोळा करणाऱ्या एकानं मला विचारलं. मी ते वाक्य वाचून दाखवलं. तो भला माणूस होता, हसला नाही. म्हणाला, सर, हे मला घेता येणार नाही. आज देशभरात मोकळ्यावर दीडशेच्या आतच माळढोक उरलेत, बहुतेक राजस्थानात. आणि मराठवाड्यात मी पाहिलेले ते दोन कुठल्याच यादीत नाहीत. सालिम अलींची वही माझ्यापेक्षा कशी वेगळी होती ते यावरून समज. तेव्हापासून वही शर्टाच्या खिशात असते. बायको म्हणते धोब्याला तेवढंच काम.

माळढोकाचा विषय निघालाय तर हेही. राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा असं सालिम अलींचं मत होतं. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोराशी माझं वैर नाही, नायगावला आपल्या बीड जिल्ह्यातच त्याचं अभयारण्य आहे. पण मोर माणसाच्या वस्तीत निभावतो, माळढोकाला माळच लागतो, आणि माळाला आपलं तलाठीदप्तर पडीक म्हणतं.

सगळं गोडगोड लिहू नकोस. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव तळ्यांना राष्ट्रीय उद्यान करण्यामागे त्यांचा मोठा वाटा आहे, आणि तिथल्या म्हशींच्या चराईवर बंदी घालावी या मताचेही ते होते. १९८२ मध्ये बंदी आली. गावकरी खवळले, गोळीबार झाला, माणसं गेली. पुढे बीएनएचएसच्याच अनेक वर्षांच्या अभ्यासातून निघालं की म्हशी बंद झाल्यावर पाण्यात गवत माजलं आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. म्हणजे म्हशीच तळं मोकळं ठेवत होत्या. आयुष्यभर बघून मग बोलणाऱ्या माणसाचा इथं न बघता बोलल्यानं घोटाळा झाला, असं मी वर्गात सांगायचो. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्यांबद्दल कुणी तावातावानं बोलायला लागलं की मला भरतपूर आठवतं.

लेखनाचं. तुला लिहायचंय म्हणतेस, तर 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' घे. पहिली आवृत्ती १९४१ ची. पुढे अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ सिडनी डिलन रिप्ली यांच्याबरोबर केलेलं दहा खंडांचं 'हँडबुक' (१९६८ ते १९७४) हे काम म्हणून थोर आहे, पण ते संदर्भाला. लिहायला शिकायचं तर छोटं पुस्तक. त्यात पक्ष्याचा आकार सेंटीमीटरनं सुरू होत नाही. चिमणीएवढा, बुलबुलएवढा, मैनेपेक्षा मोठा, कावळ्याएवढा, अशी ओळखीच्या पक्ष्यांची मोजपट्टी. मग लांबून काय दिसतं, कुठं आढळतो, काय खातो, कसा ओरडतो, घरटं कुठं. एका पानात एक पक्षी. "मनमोहक", "निसर्गाचा चमत्कार" असले शब्द शोधून सापडायचे नाहीत. आपल्या मराठी निसर्गलेखनात उलट होतं, पहिल्या परिच्छेदात पहाट होते, धुकं पसरतं, लेखकाला आजी आठवते, आणि पक्षी येईपर्यंत वाचक चहाला उठून जातो. मीही असं लिहिलंय, छापूनही आलंय, म्हणून सांगतो.

शिवाय खाद्याची नोंद त्यांनी कधी सोडली नाही. याचा उपयोग मला भोरड्यांच्या वेळी झाला. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियाकडून येतात आणि हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर ढगासारख्या उतरतात. अहमदपूरकडे एका रानात मी वही काढून उभा होतो, माळ्यावर गोफण घेऊन उभं असलेलं म्हातारं ओरडलं, "सर, ज्वारी आमची खायलेत अन् तुम्ही त्यांचं नाव लिहून घेलालाव व्हय?" मी त्यांना सांगितलं की हीच पाखरं तिकडे विणीच्या काळात टोळ खाऊन जगतात. म्हातारबाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग टोळ खायलाच बोलवा की त्यांना, कणसाला कशाला." मी दोन्ही लिहून घेतलं, भोरड्यांचा अंदाजे आकडा आणि बाबांचं बोलणं.

उरलेलं झटपट. पद्मभूषण १९५८, पद्मविभूषण १९७६. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांच्या संघाचं सुवर्णपदक १९६७, ब्रिटिश नसलेल्या माणसाला पहिल्यांदाच. १९५७ च्या क्यासनूर तापानंतर (आपण माकडताप म्हणतो तो) पक्ष्यांबरोबर गोचिडी आणि रोग येतात का हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं मोठं काम त्यांनी सोसायटीतर्फे चालवलं. यावर वेगळा सेमिनार होईल. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक आणि त्याच वर्षी आत्मचरित्र. २० जून १९८७ ला गेले, नव्वदीत. आणि एक पोरांना आवडणारी गोष्ट: मोटारसायकलचा भारी नाद. १९५० मध्ये स्वीडनला पक्षिशास्त्र परिषदेला गेले तेव्हा आपली सनबीम सोबत घेऊन गेले होते.

तेहमीनाबाईंचं नाव मात्र घे. मुंबईतलं सुखाचं राहणं सोडून त्या या माणसाबरोबर रानोमाळच्या मुक्कामांना हिंडल्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर गेल्या. आपल्याकडे चरित्रं सांगताना तंबू आपोआप उभा राहिल्यासारखा असतो.

आता तुझं काम. सेमिनार ऑगस्टमध्ये असेल तर उत्तम, सुगरणींचा हंगाम चालू असेल. गावाकडं जाशील तेव्हा खोपे असलेली एक विहीर निवड. कठड्यापासून लांब बस, सावलीला, सकाळी सात ते नऊ. खोप्यांना क्रमांक दे आणि रोज एवढंच लिही: तारीख, वेळ, एकूण खोपे किती, कडं किती, अर्धे किती, नळीवाले किती, मादी कुठल्या क्रमांकावर आली. खोप्याला हात लावायचा नाही, आणि विहिरीत वाकून मोबाइलवर फोटो काढायचा नाही. आपल्याकडच्या जुन्या विहिरींना कठडे नावालाच असतात. दहा दिवस झाले की वही घेऊन ये. पुस्तकात बघून आकडे भरलेस तर मला कळेल, पोळ्याच्या पावसात दोन दिवसांचं पान कोरं राहतंच.